फोन झोपतो, वॉकीटॉकीचा सेट झोपत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोदाम आणि बाहेरचं आवार मिळून २२ माणसं, शिवाय रस्त्यावर ६ गाड्या. सगळ्यांच्या फोनवर बटण दाबून बोलायचं वॉकीटॉकी अ‍ॅप टाकलं. पहिला आठवडा झकास गेला, मग तक्रारी सुरू झाल्या. काहींना पहिले दोन शब्द ऐकूच येत नाहीत, काहींना निरोप दहा-दहा मिनिटांनी पोचतो आणि तिघांना तर फोन उघडल्याशिवाय काहीच ऐकू येत नाही. नेट उत्तम आहे, स्पीड टेस्ट करून पाहिली. तर अ‍ॅप बदलायचं, की खरे वॉकीटॉकी घ्यायचे?

आधी वायरलेस सेट बसवायचे आणि नंतर सिमवर चालणाऱ्या या सेवा लावून द्यायच्या, अशी दोन्हीकडची कामं मी केली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी एकाच दुखण्याच्या वाटतात, पण ती तीन वेगवेगळी दुखणी आहेत. त्यातलं एकही स्पीड टेस्टमध्ये दिसणार नाही. अ‍ॅप बदललंत तरी नव्या अ‍ॅपचाही पहिला आठवडा झकास जाईल, कारण त्या आठवड्यात सगळे जण फोन हातात घेऊन खेळत असतात.

आधी बटण दाबल्यावर काय होतं ते बघू. खऱ्या सेटवर बटण दाबलं की त्याचा ट्रान्समीटर सुरू होतो, लहर हवेतून थेट जाते आणि त्या चॅनलवरच्या सगळ्या सेटना एकाच वेळी मिळते. ऐकणारा सेट कायम कान टवकारून बसलेला असतो. बॅटरी वाचवायला तोही मधूनमधून डुलकी घेतो, पण ती सेकंदाच्या अंशाची. फोनचं तसं नाही. तुम्ही बटण दाबलं की फोन आधी टॉवरमार्फत कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरला विचारतो, ‘मला बोलायचंय, बोलू का?’ दुसरं कोणी बोलत नाहीये ना हे सर्व्हर बघतो, परवानगी देतो, तुमच्या फोनवर बीप वाजते आणि मग तुमचा आवाज छोट्या छोट्या पाकिटांत सर्व्हरकडे निघतो. सर्व्हर प्रत्येक पाकिटाच्या २७ प्रती काढून एकेकाला पाठवतो. दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतानाही आवाज हा सगळा फेरा घालूनच येतो.

हा फेरा ऐकायला मोठा वाटतो, पण जागे असलेले दोन फोन बऱ्या ४जी नेटवर असतील तर तो सेकंदाच्या आत सहज उरकतो. वेळ खातं ते फोनला जागं करणं.

फोनवरून काही सेकंद काहीच गेलं-आलं नाही की नेटवर्क त्याची रेडिओ जोडणी सोडून देतं. मग फोन अधूनमधून डोळा उघडून ‘माझ्यासाठी काही आहे का’ एवढंच बघतो. ४जीवर हे अंतर बऱ्याचदा १.२८ सेकंदाचं असतं. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही ऐकणाऱ्याला उठायला सेकंदभर लागू शकतो आणि बोलणाऱ्याचा फोनही झोपलेला असेल तर त्याचा वेळ वेगळा. तुमचे पहिले दोन शब्द इथे जातात.

यावर ऑपरेटिंग सिस्टिमची झोप वेगळी. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘डोझ’ नावाची सोय आली. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि हालचाल नाही, असं काही वेळ राहिलं की अ‍ॅपना नेट मिळणं बंद होतं आणि मधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडावी तसं मिळतं. टेबलावर ठेवलेल्या फोनला दहा मिनिटांनी निरोप मिळतो त्याचं हेच कारण. खिशात घेऊन हिंडणाऱ्याची ही तक्रार त्यामानाने कमी असते. बघा, तुमच्याकडे उशिरा ऐकणारे लोक बसून काम करणारे आहेत का.

तिसरं दुखणं सगळ्यात चिवट. काही फोन बनवणारे डोझवर आपली स्वतःची बॅटरी-बचत लादतात. ती अ‍ॅपला झोपवत बसत नाही, मारूनच टाकते. फोन उघडल्यावर अ‍ॅप पुन्हा जिवंत होतं आणि माणसाला वाटतं नेट आत्ता आलं. तुमचे ते तिघं एकाच बनावटीचे फोन वापरत असतील, अशी मी पैज लावायला तयार आहे.

आता स्पीड टेस्टचं. ती करताना फोन हातात असतो, स्क्रीन चालू असते, रेडिओ पूर्ण जागा असतो. म्हणजे झोपलेल्याला गदगदा हलवून उठवायचं आणि मग विचारायचं, ‘जागा आहेस का?’ शिवाय आवाजाला स्पीड लागतोच किती? हिशोब करून दाखवतो. आजकालची बरीच अ‍ॅप ऑपस नावाचा कोडेक, म्हणजे आवाज आक्रसून पाठवायची पद्धत, वापरतात. तो सेकंदाला ६ किलोबिटपासून पुढे चालतो, आपण १६ धरू. दर २० मिलिसेकंदांनी एक पाकीट पाठवलं तर त्यात आवाज ४० बाइट आणि पत्ता वगैरेचं वरचं वेष्टनही ४० बाइट. पत्राएवढंच पाकिटाचं वजन! एकूण ३२ किलोबिट, म्हणजे सलग तासभर बोललात तरी साधारण १४ एमबी. तीन-तीन तुकडे एका पाकिटात घातले तर तेच १० एमबीच्या आत येतं, फक्त एखादं पाकीट हरवलं तर मोठा घास जातो. चांगल्या प्रतीचा एक मिनिटाचा व्हिडिओही याहून जास्त डेटा खाऊ शकतो. तेव्हा डेटा प्लॅन वाढवा असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

दोष कुठे आहे हे शोधायला मी एक साधी चाचणी करतो, तिला ना अ‍ॅप लागतं ना उपकरण. सगळ्यांना सांगायचं, फोन जसा रोज असतो तसा ठेवा, खिशात तर खिशात, टेबलावर तर टेबलावर, आणि अर्धा तास हात लावू नका. मग एकाने बटण दाबायचं आणि बीपची वाट न बघता लगेच सेकंदाला एक या गतीने एक ते दहा मोजायचं. प्रत्येकाने आपल्याला ऐकू आलेला पहिला आकडा कागदावर लिहायचा. लगेच, पाच सेकंदांच्या आत, पुन्हा तेच. पुन्हा पहिला आकडा लिहायचा.

कागद गोळा केले की चित्र आपोआप उभं राहतं. पहिल्या फेरीत ‘तीन’ आणि दुसऱ्या फेरीत ‘एक’ आला, तर नेट ठीक आहे आणि झोप हाच आजार आहे. दोन्ही फेऱ्यांत ‘तीन’ किंवा मधले आकडे गाळलेले, तर त्या जागेवर रेंज कच्ची आहे. पहिल्या फेरीत काहीच नाही आणि दुसऱ्यातही काही नाही, तर त्या फोनवर अ‍ॅप मेलेलं आहे. आणखी एक प्रकार दिसेल: उशिरा आलं, पण ‘एक’पासून सगळं आलं. याचा अर्थ तुमचं अ‍ॅप आवाज साठवून मागाहून वाजवतंय. गोदामाला ते चालेल, कारण उशिरा का होईना पूर्ण निरोप मिळतो. क्रेन हलवणाऱ्याला खालून ‘थांब’ सांगायचं असेल तर मात्र साठवलेला आवाज धोक्याचा. दोन सेकंद शिळा ‘थांब’ काय कामाचा? असल्या कामाला फोनवरचं कुठलंच अ‍ॅप मी देत नाही. तिथे थेट लहरीवरचा सेट किंवा हाताची खूण.

उपायांकडे येतो. अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, बॅकग्राउंडमधला डेटा चालू ठेवा आणि फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ असं काही असेल तर तेही चालू करा. वर कायम दिसणारी अ‍ॅपची सूचना नको म्हणून लोक बंद करतात, ती राहू द्या. ती सूचना म्हणजे ‘मी कामावर आहे’ असं अ‍ॅपने सिस्टिमला दाखवलेलं ओळखपत्र आहे. आणि सगळ्यांना एकदा निक्षून सांगा की संध्याकाळी सगळी अ‍ॅप झटकून साफ करायची सवय या अ‍ॅपपुरती सोडा. हे काम एकेका फोनवर बसून करावं लागतं. ग्रुपवर सूचना टाकून होत नाही, मी करून बघितलंय. अठ्ठावीस फोन, प्रत्येकी पाच मिनिटं. आणि फोनचं मोठं अपडेट आलं की पुन्हा एकदा फेरी मारा, सेटिंग मूळ पदावर गेलेली सापडतात.

आयफोनवर गोष्ट वेगळी. तिथे अ‍ॅपला मागे जागं राहायला जवळजवळ वाव नव्हता. पूर्वी ही अ‍ॅप इंटरनेट कॉलसाठीच्या सूचनेची वाट वापरून काम भागवायची, २०१९ मध्ये आयओएस १३ ने ती वाट फक्त खऱ्या कॉलपुरती केली आणि बऱ्याच जणांची पंचाईत झाली. २०२२ मध्ये आयओएस १६ पासून अ‍ॅपलने बटण दाबून बोलण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था दिली, आता लॉक स्क्रीनवरूनही बोलता येतं. पण ती व्यवस्था तुमच्या अ‍ॅपने वापरली असेल तरच. तुमच्याकडे आयफोन थोडे असतील तर त्यांच्यापुरतं हे एवढं तपासा आणि पुढे चला.

सेटिंग झाल्यावर उरतं ते माणसांचं वळण. बटण दाबायचं, बीप ऐकायची, मनात ‘एक’ म्हणायचं, मग बोलायचं. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं: ‘गेट, मी लोडिंग.’ हाकेतला एखादा शब्द गेला तरी मजकूर वाचतो, हा त्यातला खरा फायदा. गेटने ‘बोल’ म्हटल्यावर दोघांचे फोन जागे झालेले असतात, पुढचं संभाषण खणखणीत होतं. जुने वायरलेसवाले हे सांगायचे तेव्हा आम्हाला उगाच शिस्तीचा बडगा वाटायचा. फोनवर त्याची गरज उलट वाढली आहे.

ब्लूटूथ हेडसेट वापरणारे कोण आहेत तेही बघा. हेडसेटची बोलण्याची वाहिनी उघडायला अर्धा सेकंद, कधी एक सेकंदही लागतो आणि तो वेळ वरच्या सगळ्या उशिरात मिळवावा लागतो. आवाराच्या गोंगाटात काम करणाऱ्याला वायरचा खांद्यावर अडकवायचा स्पीकर-माइक द्या. दिसायला जुनाट, पण बटण हाताला लागतं, हातमोजे घालूनही.

मोठ्या गोदामात अजून एक जागा हमखास दगा देते, आणि तुमच्याकडेही ती असेल. पत्र्याचं छप्पर आणि लोखंडी रॅक मोबाइलची लहर अडवतात, म्हणून आत वाय-फाय लावलेलं असतं. माणूस चालत दाराशी येतो, वाय-फाय क्षीण होतं, पण फोन त्याला चिकटून राहतो, धड वाय-फाय नाही आणि धड मोबाइल नेट नाही. शेवटी उडी मारतो तेव्हा त्याचा नेटवरचा पत्ता बदलतो आणि सर्व्हरशी नाव पुन्हा नोंदवावं लागतं. तेवढ्या वेळात आलेला निरोप अनेकदा हवेत विरतो. आवारात आणि गाड्यांवर असणाऱ्यांच्या फोनचं वाय-फाय कामाच्या वेळात बंदच ठेवा. आत मोबाइलची रेंज नसेल तर मात्र आतल्या लोकांना वाय-फाय नीट, एकसंध लावून द्यावं लागेल. त्याशिवाय तरणोपाय नाही.

खरे सेट घ्यावेत का, याचं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे: माणसं किती लांब पसरली आहेत, आत मोबाइलची रेंज कशी आहे, आणि टॉवर बंद पडला तर तुमचं काय अडतं. शेवटची गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत. नावात वॉकीटॉकी आहे म्हणून हे अ‍ॅप नेटशिवाय चालेल असं भल्याभल्यांना वाटतं. २०१७ मध्ये अमेरिकेत हार्वे चक्रीवादळाच्या पुरात ह्यूस्टनमध्ये स्वयंसेवकांनी झेलो हे असंच वॉकीटॉकी अ‍ॅप बचावकार्यात वापरलं आणि ते उपयोगी पडलं, कारण तिथे बऱ्याच भागात मोबाइल नेट टिकून होतं. लगेच पाठोपाठ आलेल्या अर्मा वादळाच्या वेळी लोकांनी ते धडाधड उतरवून घेतलं, नेट गेलं तरी चालतं या अफवेवर. शेवटी कंपनीलाच जाहीर सांगावं लागलं की वाय-फाय किंवा मोबाइल डेटा नसेल तर हे चालत नाही. फोनमध्ये वॉकीटॉकीच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांवर बोलणारा ट्रान्समीटरच नसतो, अ‍ॅप तो कुठून आणणार? ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून थेट बोलायची अ‍ॅप आहेत, पण त्यांचा पल्ला तुमच्या गोदामाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही पुरायचा नाही.

टॉवर चालू असूनही अ‍ॅप बसतं, ती वेळ गर्दीची. मोठा समारंभ, हजारो माणसं एका टॉवरखाली, आणि तुमच्या ‘रुग्णवाहिका पाठवा’ला रांगेत जागा मिळते ती व्हिडिओ बघणाऱ्याच्या मागे. नेटवर्कच्या लेखी तुमचं अ‍ॅप म्हणजे साधा डेटा. हे सुधारावं म्हणून ३जीपीपी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ च्या आसपास रिलीज १३ मध्ये पोलीस-अग्निशमन वगैरेंसाठी बटण दाबून बोलण्याची वेगळी पद्धत ठरवली: बटण दाबल्यापासून परवानगी ३०० मिलिसेकंदांच्या आत, तोंडापासून कानापर्यंतचा वेळही ३०० च्या आत, दोन्ही १०० पैकी ९५ वेळा, आणि त्या आवाजाला नेटवर्कमध्ये वरचा मान. पण हा मान मोबाइल कंपनीने स्वतः द्यावा लागतो, अ‍ॅप उतरवून तो मिळत नाही.

फोनवरचं बटण-बोलणं झटपट होऊच शकत नाही असं मात्र नाही. अमेरिकेतल्या नेक्स्टेल कंपनीची सेवा मोटोरोलाच्या आयडेन तंत्रावर चालायची आणि तिचा तो ‘चिर्रप’ आवाज बांधकामाच्या जागांवर सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. ती झटपट होती कारण बटण-बोलणं त्या नेटवर्कच्या पायातच घातलेलं होतं, वरून चिकटवलेलं नव्हतं. ३० जून २०१३ ला ते नेटवर्क बंद झालं. तो अनुभव घेतलेले लोक आजही प्रत्येक अ‍ॅपला नाकं मुरडतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

तुमच्या जागी मी काय करीन ते सांगतो. ६ गाड्यांना अ‍ॅपच, कारण इतक्या पल्ल्यावर साधा सेट पोचणार नाही. कार्यालयात बसणाऱ्यांनाही अ‍ॅपच, सेटिंग दुरुस्त करून. गेट, लोडिंग आणि आवारातल्या सात-आठ जणांना सिमवर चालणारे खास सेट. हे दिसतात वॉकीटॉकीसारखे, आत बहुतेक अँड्रॉइडच असतं, पण ते फोन म्हणून नव्हे तर याच कामासाठी बांधलेले असतात: बाजूला मोठं बटण, मोठा स्पीकर, दणकट बॅटरी आणि झोपेची औषधं काढून टाकलेली. अर्थात चाचणीत आतल्या जागांवर दोन्ही फेऱ्या कच्च्या निघाल्या, तर हे सेटही तिथे चालणार नाहीत. मग आत थेट लहरीवरचे सेट घ्या आणि गेटवे नावाच्या जोडयंत्राने त्यांचा चॅनल अ‍ॅपच्या ग्रुपला जोडून घ्या. लहरीवरचे सेट घेताना तुमच्या भागात कोणत्या पट्ट्यांना परवाना लागतो ते आधी बघा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

ग्रुपबद्दल एक कबुली. एका मोठ्या कार्यक्रमाला मी साठ माणसांना एकाच ग्रुपमध्ये ठेवलं होतं, ‘सगळ्यांना सगळं कळू दे’ म्हणून. दोन तास खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि ‘हॅलो हॅलो’ ऐकून लोकांनी आवाज बारीक केले. खरा तातडीचा निरोप आला तेव्हा तो ऐकायला चौघे जण उरले होते. त्यानंतर मी दहा-बारापेक्षा मोठा रोजचा ग्रुप करत नाही. सगळ्यांचा ग्रुप वेगळा ठेवतो आणि त्यात बोलायचा हक्क दोघा-तिघांनाच देतो. त्याच कार्यक्रमात एकाचं बटण बॅगेच्या पट्ट्याखाली दाबलं गेलं आणि अख्ख्या ग्रुपने बराच वेळ त्याचं गुणगुणणं ऐकलं. बाकी कोणाला बोलताच येईना, कारण सर्व्हरच्या लेखी ‘त्याची पाळी चालू’ होती. तुमच्या सेवेत एका वेळच्या बोलण्याला मर्यादा घालायची सोय असेल तर ती ३० सेकंदांवर आणा, आणि देखरेख करणाऱ्या एकाला मध्ये तोडून बोलायचा अधिकार द्या.

आज फक्त मोजायची चाचणी करा, खरेदी त्यानंतर. २८ जणांचे दोन-दोन आकडे, फोनची बनावट आणि तेव्हा माणूस कुठे उभा होता, एवढा कागद तयार झाला की इथे टाका. कोणाला सेटिंग पुरेल आणि कोणाला सेट लागेल हे त्यावरून नावानिशी सांगता येईल.